लिस्बन एका दिवसात पायी: यादी आवरा, चढ-उतार बघा

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान आणि नोकरीला लागलेली मुलगी असे तिघं माद्रिदहून रात्री लिस्बनला पोचणार. मधला एक दिवस पूर्ण मोकळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीचं विमान. यजमान साठीच्या आसपास, एक गुडघा कुरकुरतो. तिघंही शाकाहारी, पण अंडं चालतं. चौदा ठिकाणांची यादी सोबत पाठवून त्यांनी विचारलंय, "हे सगळं एका दिवसात पायी होईल का?"

नाही होणार, ताई. निम्म्याहून थोडं जास्त होईल, आणि तेही क्रम बदललात तर. तुमच्या यादीचा क्रम प्रसिद्धीनुसार लावलेला दिसतो: आधी बेलेंचा बुरूज, मग किल्ला, मग लोखंडी लिफ्ट, मग पुन्हा पलीकडच्या टेकडीवर. असं फिरलात तर तुम्ही दिवसातून चारदा चढाल आणि चारदा उतराल. मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन पोर्तुगाल-स्पेन करतो. लिस्बनमध्ये माणसं अंतरानं दमत नाहीत, चढानं दमतात. नकाशावर किल्ला आणि रोसियू चौक यांच्यात जेमतेम अर्धा किलोमीटर दिसतो, पण मधे नव्वद-शंभर मीटरची उंची आहे आणि ती नकाशात दिसत नाही.

म्हणून माझा आराखडा असा असतो. सकाळी पूर्वेकडच्या टेकडीच्या माथ्यावर टॅक्सीनं जायचं आणि तिथून पायी नदीपर्यंत उतरायचं. दुपार सपाटीवर काढायची. संध्याकाळी पश्चिमेकडच्या टेकडीवर एकदाच चढायचं, त्यातलाही निम्मा चढ सरकत्या जिन्यानं. एकूण चाल सात-आठ किलोमीटरची होते. या क्रमाचा दुसरा फायदा असा की शहराचा इतिहासही साधारण त्याच ओळीनं समोर येतो: पूर्वेला भूकंपाआधीचं गाव, मधे भूकंपानंतर आखलेलं शहर आणि पश्चिमेला जिथं हुकूमशाही संपली तो चौक.

बेलें या दिवसातून काढून टाका. ते शहराच्या मध्यापासून सहा किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आहे, रांगा मोठ्या असतात आणि अर्धा दिवस सहज जातो. तुमचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आहे, त्यामुळे त्याची सोय शेवटी सांगतो.

सकाळी आठच्या सुमारास टॅक्सीवाल्याला "मिरादोरू द सेन्योरा दू मोंत" एवढं सांगा. मिरादोरू म्हणजे टेकडीवरचा बघण्याचा कट्टा. लिस्बनमध्ये असे कितीतरी आहेत आणि सगळे फुकट आहेत. हा त्यातला सगळ्यांत उंचांपैकी एक. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्रामही जवळपास येते. मार्तीं मोनीझ चौकातून सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीला बसलात तर मजा आहे, पण नऊनंतर तिच्यात उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंचं ते हक्काचं ठिकाण आहे. त्या गर्दीत पासपोर्ट घेऊन चढू नका.

कट्ट्यावर पोचल्यावर फोटोची घाई न करता आधी पाच मिनिटं शहर वाचा. समोर किल्ला, त्यामागे तेजू नदी (आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली टॅगस), दूर पश्चिमेला तांबडा झुलता पूल. तो पूल १९६६ साली झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला २५ एप्रिलचं नाव मिळालं. आता खाली बघा. दोन टेकड्यांच्या मधे एक सपाट पट्टा आहे आणि तिथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. किल्ल्याच्या उतारावरची घरं मात्र कशीही, एकमेकांच्या अंगावर रेललेली. या फरकाचं कारण एकच.

१ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या पुढे. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे पळाले, तर थोड्या वेळात समुद्राचं पाणी नदीतून आत आलं. उरलेलं शहर पुढचे कित्येक दिवस आगीत जळत राहिलं. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते काही हजारांत नाहीत, दशसहस्रांत आहेत. सपाट भाग नदीच्या गाळावर वसलेला होता, तो जमीनदोस्त झाला. किल्ल्याच्या पूर्वेचा अल्फामा कठीण जमिनीवर होता, तो बराचसा टिकला. आज दिवसभर तुम्ही जे काही बघाल, त्यापुढे मनात एवढंच विचारायचं: हे १७५५ च्या आधीचं की नंतरचं?

तिथून ग्रासाचा कट्टा पाच-सात मिनिटांवर आहे. तिथल्या टपरीवर कॉफी घ्या. "बीका" म्हणालात की छोट्या कपातली कडक कॉफी मिळते. आपल्यासारखी दूधवाली हवी असेल तर "गालांव" मागा, ती काचेच्या ग्लासात येते. त्यासोबत पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्डचं छोटं टार्ट, खा. त्यात अंड्याचा बलक असतो, तुम्हाला चालतं म्हणून सांगतोय.

दहाच्या सुमारास साव व्हिसेंत द फोरा या मठात जा. तुमच्या यादीत हे नाव नव्हतं आणि मुंबई-पुण्याच्या माणसानं ते चुकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मठाच्या जुन्या भोजनशाळेत पोर्तुगालच्या ब्रागांसा राजघराण्याच्या कबरी आहेत. त्यात एक कबर कातारिना, म्हणजे इंग्रजांची राणी कॅथरीन हिची आहे. १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळालेली मुंबई हिच्याच लग्नातली. आपण शाळेत "मुंबई बेटं हुंड्यात दिली" एवढं एक वाक्य शिकतो आणि पुढे जातो; जिच्या लग्नाचं ते वाक्य आहे ती बाई इथं आहे. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परतली आणि १७०५ साली लिस्बनमध्ये वारली. गंमत म्हणजे बेटं इंग्रजांच्या ताब्यात यायला १६६५ उजाडलं, कारण तिथले पोर्तुगीज सोडायला राजी नव्हते, आणि १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

त्याच दालनात राजा कार्लुश आणि युवराज लुईश फिलिप यांच्या कबरी आहेत, शेजारी शोक करणाऱ्या स्त्रीचा पुतळा. ही दोन नावं लक्षात ठेवा, दुपारी लागतील. मठातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांच्या भिंतीही निवांत बघा. या फरशांना आझुलेजू म्हणतात; इथं ला फोंतेनच्या प्राणिकथांची अडतीस चित्रं आहेत. फरशांच्या संग्रहालयाला वेगळं जायला तुम्हाला वेळ नाही, त्याची भूक इथं भागते. गच्चीवर जायला विसरू नका. आणि स्वच्छतागृह इथंच वापरून घ्या, पुढे अल्फामात पंचाईत होते.

मठामागे सांता क्लारा मैदान. मंगळवार किंवा शनिवार असेल तर तिथं जुना बाजार भरलेला असतो: पितळी मुठी, जुनी नाणी, फुटक्या फरशा, कुणाच्या तरी आजीची चहाची किटली. मुलगी रमेल, वेळेची मर्यादा आधीच ठरवा. मैदानाच्या खालच्या टोकाला पांढऱ्या घुमटाचं सांता एन्ग्रासियाचं चर्च आहे, आता राष्ट्रीय पँथिऑन, म्हणजे देशातल्या थोरांचं स्मारक. बांधकाम १६८२ ला सुरू झालं आणि घुमट १९६६ ला पुरा झाला. मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलेलं काम असेल तर पोर्तुगीज लोक आजही त्याला "सांता एन्ग्रासियाचं काम" म्हणतात. आत वास्को द गामा आणि गोवा जिंकणारा आफोंसू द आल्बुकेर्क यांची प्रतीकात्मक स्मारकं आहेत, आणि खरोखरच्या कबरी आहेत त्या फादू (लिस्बनचं करुण गाणं) गाणाऱ्या आमालिया रोद्रिगेश आणि फुटबॉलपटू युझेबियू यांच्या. वेळ कमी वाटला तर बाहेरून बघून पुढे व्हा.

आता पोर्ताश दू सोल आणि त्याला लागून असलेला सांता लुझियाचा कट्टा. सगळे कठड्याशी उभे राहून नदीचे फोटो काढतात. तुम्ही वळून शेजारच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचे दोन फरशीचे फलक शोधा. एकावर भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, तासा-दोन तासांनी त्याच चौकात उभं राहून पडताळून बघायचा आहे. दुसऱ्यावर ११४७ साली मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, किल्ला घेतल्याचा प्रसंग आहे.

किल्ला? मी असतो तर सोडला असता. तिकीट, रांग, आणि आत चढ-उतार मिळून दीड-दोन तास जातात. जागा जुनी आहे यात शंका नाही, पण आज दिसणारे तट आणि बुरूज मोठ्या प्रमाणात १९३८ ते १९४० च्या दरम्यान सालाझारच्या काळात डागडुजी करून उभे केलेले आहेत. आणि वरून जे दिसतं ते तुम्ही सकाळीच फुकट पाहिलं आहे. ज्यांनी राजगड-रायगड पाय दुखेपर्यंत पाहिलेत, त्यांना या तटबंदीचं फारसं काही वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

इथं एक महत्त्वाची सूचना. दुखरा गुडघा चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतो. रस्त्याचा उतार तो सोसतो, पायऱ्यांचा नाही. आणि अल्फामा म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. म्हणून सांता लुझियापाशी तिघांनी अर्ध्या-पाऊण तासासाठी वेगळं व्हा. तुम्ही आणि मुलगी पायऱ्यांनी अल्फामात शिरा. यजमानांना ट्रामच्या रुळांच्या कडेनं, रस्त्यानंच, खाली कॅथेड्रलकडे जाऊ द्या. हा उतार बेताचा आहे. हातात काठी असेल तर उत्तम. भेटायची जागा: खालच्या रस्त्यावरचं कासा दुश बिकुश.

अल्फामात नकाशा लावून फिरू नका, फोन गल्ल्यांमध्ये गोंधळतो. पाणी जिकडे जाईल तिकडे चालत राहायचं, शेवटी नदीच लागते. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या म्हाताऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. लोक इथं राहतात, त्यांच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. तुमची भेट मे महिन्याच्या शेवटाकडे असेल तर संत आंतोनियूच्या सणाची झिरमिळ्यांची सजावट लागायला सुरुवात झालेली दिसेल. तो गोव्यातल्या घरोघरी माहीत असलेला संत याच भागात जन्मला. १२ जूनच्या रात्री इथं प्रत्येक गल्लीत सार्डिन मासे भाजतात. गल्ल्यांच्या तळाशी शाफारिश द देंत्रू नावाचा चौक लागतो. तिथून उजवीकडे वळून नदीशी समांतर चालत राहा.

यजमान तोवर कॅथेड्रलपाशी पोचलेले असतील. ११४७ च्या विजयानंतर बांधायला घेतलेली, दोन बुरुजांची, किल्ल्यासारखी दिसणारी ही इमारत बाहेरूनच पुरेशी आहे. त्यांनी खरा वेळ द्यावा तो तिच्या अगदी शेजारच्या अल्जुबला. सालाझारच्या राजवटीत हे राजकीय कैद्यांचं तुरुंगघर होतं. २०१५ पासून तिथं संग्रहालय आहे. हात पसरले की भिंतींना लागतील अशा कोठड्या. आपल्याला इथं आठवतात ते मोहन रानडे. सांगलीचा हा तरुण गोवामुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडला गेला आणि पुढे त्याला पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी केली, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. रानडे काशियाशला होते, पण त्यांना डांबणारी यंत्रणा कशी चालत होती ते इथं कळतं. तुमच्या मुलीच्या पिढीला हे नाव माहीत असेलच असं नाही, म्हणून यजमानांनी भेटल्यावर तिला सांगावं.

कासा दुश बिकुश ओळखायला सोपं: दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड आहेत. सोळाव्या शतकात हे घर बांधलं ब्राश द आल्बुकेर्कनं, म्हणजे १५१० साली गोवा घेणाऱ्या आफोंसूच्या मुलानं. भूकंपात वरचे दोन मजले गेले, ते १९८० च्या दशकात परत चढवले. आता तिथं नोबेलविजेते लेखक जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. दोन मिनिटं पुढे उजव्या हाताला कॉन्सैसांव व्हेल्या चर्चचा दरवाजा लागेल. कोरीवकाम इतकं दाट आहे की मागचं साधं चर्च त्याला शोभत नाही. कारण दरवाजा भूकंपाआधीचा, बाकी सगळं नंतरचं.

जेवण एक-दीडच्या दरम्यान उरका. शाकाहाऱ्यांसाठी सूप हा भरवशाचा पदार्थ, पण "काल्दू व्हेर्द" मागवलंत तर त्यात सॉसेजची चकती असते. ऑर्डर देताना "सें कार्न, सें पैश" म्हणा: मांस नको, मासा नको. टोस्टमध्ये "मिश्ता" म्हणजे हॅमवाला, "द कैजू" म्हणजे नुसत्या चीजचा. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी वाईट मानत नाही. भाजी-भातच हवा असेल तर मार्तीं मोनीझच्या मागे बेन्फोर्मोझू रस्त्यावर भारतीय, बांगलादेशी, नेपाळी खानावळी आणि वाणसामानाची दुकानं आहेत. पण त्यासाठी दुपारी वाट वाकडी करू नका, रात्री जा. तो भाग एकेकाळी बदनाम होता. आंतोनियू कॉश्ता, ज्यांचे वडील मूळचे गोव्याचे, महापौर असताना त्यांनी स्वतःचं कार्यालयच २०११ मध्ये तिथल्या इन्तेंदेंत चौकात हलवलं होतं.

जेवणानंतर तेरैरू दू पासू, म्हणजे नदीकडे उघडणारा तो प्रचंड चौक. सकाळी काढलेला फरशीचा फोटो फोनवर उघडा. राजवाडा याच जागी होता. त्याच्यासोबत ग्रंथालय, चित्रं, भारताशी व्यापार चालवणाऱ्या कचेरीची दप्तरं, सगळं १७५५ मध्ये गेलं. मधला घोड्यावरचा पुतळा राजा जुझेचा, १७७५ चा. पण शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्यानं, पुढे मार्केश द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसानं. पुतळ्याच्या पश्चिमेला, आर्सेनाल रस्त्याच्या कोपऱ्यावर १ फेब्रुवारी १९०८ ला राजा कार्लुश आणि युवराज यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सकाळी पाहिलेल्या त्या दोन कबरी. अडीच वर्षांत राजेशाहीच संपली.

कमानीखालून आत शिरलात की बायशा, सकाळी वरून पाहिलेला तो सपाट पट्टा. दिसायला हा भाग थोडा एकसुरी आहे आणि आगश्ता रस्त्यावर पर्यटकांची रीघ असते. दोन-चार जण कानाशी येऊन "हशीश" म्हणतील. न थांबता चालत राहा. खरी गोष्ट भिंतींच्या आत आहे. पोंबालच्या अभियंत्यांनी प्रत्येक इमारतीच्या दगडी भिंतीत तिरप्या दांड्यांचा लाकडी सांगाडा घातला. त्याला ते "गायोला", पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर लाकूड लवावं, दगड पडला तरी मजला उभा राहावा, हा हिशेब. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली असं सांगतात. भूकंपाचा विचार करून आखलेल्या युरोपातल्या अगदी पहिल्या वस्त्यांपैकी ही एक. लातूर-किल्लारीनंतर आपल्याकडे जी चर्चा झाली ती ज्यांना आठवते, त्यांना हे लगेच भिडतं. मोठ्या रस्त्यांची नावंही धंद्यांवरून: सोनार, चांदीवाले, चांभार, कापडवाले.

सरळ चालत रोसियूला पोचाल. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. दिसायला सुंदर, पण हे चुनखडीचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. पाऊस पडला तर धडधाकट माणूसही घसरतो. रबरी तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट घाला. चौकाच्या उत्तरेला जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० ला सुरू झालेल्या इन्क्विझिशनचं वरिष्ठ मंडळ लिस्बनमध्येच बसायचं. त्याच्या कोपऱ्यावरच्या साव दोमिंगुश चर्चमध्ये दहा मिनिटं नक्की जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळलं आणि नंतर छत घातलं, पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६ च्या ज्यू हत्याकांडाचं स्मारक आहे.

आता दिवसाचा एकमेव चढ. लोखंडी सांता जुश्ता लिफ्टची (१९०२) रांग पाहूनच तुम्ही दमाल. ती खालून बघा आणि बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात क्रुसिफिशू रस्त्याकडून शिरा. लांबच लांब सरकते जिने तुम्हाला थेट वर शियादूच्या चौकात सोडतात, तिकीट लागत नाही. मी गटातल्या ज्येष्ठांना नेहमी याच वाटेनं नेतो. वर गारेट रस्त्यावर १७३२ साली सुरू झालेलं बेर्त्रांद हे पुस्तकाचं दुकान आहे. आजही चालू असलेल्या दुकानांत ते जगातलं सर्वांत जुनं मानलं जातं.

साडेचार-पाचच्या आत कार्मूला पोचा. १३८९ ला स्थापन झालेल्या या मठाचं छत भूकंपात कोसळलं आणि नंतर पुरं बांधलंच नाही. कमानी तशाच उभ्या आहेत आणि मधे आकाश. माझ्या मते अख्ख्या लिस्बनमध्ये तिकीट काढून बघावी अशी एकच जागा निवडायची तर ही. सकाळपासून जो भूकंप तुम्ही ऐकत आलात तो इथं समोर दिसतो. बाहेरचा लहानसा चौक मात्र दुसऱ्या तारखेचा आहे. २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान मार्सेलू काएतानू इथल्या पोलिसदलाच्या कचेरीत लपले होते. कॅप्टन साल्गेरू माया चिलखती गाड्या घेऊन चौकात उभा राहिला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली आणि संध्याकाळी काएतानूनं सत्ता सोडली. त्याच वर्षाच्या शेवटी, ३१ डिसेंबरला, नव्या सरकारनं गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. म्हणजे १९६१ चा जो निकाल लिस्बन तेरा वर्षं नाकारत होतं, तो या चौकातल्या संध्याकाळीनंतर मान्य झाला.

पाय अजून चालत असतील तर साव रोक चर्च वर पाच मिनिटांवर आहे. बाहेरून अगदी साधं. आत एक अख्खं उपासनागृह रोममध्ये १७४० च्या दशकात मौल्यवान दगडांत घडवून, पोपकडून आशीर्वाद घेऊन, सुटं करून जहाजांनी इथं आणलेलं आहे. मला त्यापेक्षा वस्त्रदालनातली फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका आवडते. ओल्ड गोव्यात ज्यांचं शव आपण पाहिलं आहे ते संत एप्रिल १५४१ ला याच शहरातून निघाले होते.

शेवटचा कट्टा साव पेद्रू द आल्कांतारा. सकाळी तुम्ही ज्या टेकडीवर होता ती आता समोर आहे, किल्ल्यावर मावळतीचं ऊन. मेमध्ये सूर्य साडेआठनंतर बुडतो, घाई नाही. शेजारून खाली जाणारी ग्लोरिया फनिक्युलर (दोराच्या जोरावर उतारावर चालणारी ट्राम) सप्टेंबर २०२५ च्या भीषण अपघातानंतर बंद झाली. फनिक्युलर आणि लिफ्ट यांची ताजी स्थिती निघण्याआधी तपासा आणि त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. इथून हॉटेलला टॅक्सी करा. पायऱ्या उतरून दिवसाचा शेवट गुडघ्यावर काढायला मी सांगणार नाही.

रात्री फादू ऐकायचं असेल तर जेवणासह असलेली मोठी ठिकाणं महाग पडतात आणि शाकाहाऱ्यांना त्या पैशात ऑम्लेट मिळतं. आधी जेवून घ्या, मग फक्त पेयावर बसू देणारं छोटं ठिकाण हॉटेलवाल्याला विचारा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलायचं नसतं. आपल्याकडच्या मैफिलीत "वा" म्हणतात तशी दादही मधे देऊ नका.

वारांचं गणित: तुमचा दिवस सोमवार असेल तर पँथिऑन आणि अल्जुब बंद, रविवार असेल तर कार्मू बंद. दोन्हीपैकी कोणता टाळता आला तर रविवार टाळा. पाण्याची बाटली सोबत ठेवा, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

आता बेलें. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान हॉटेलातच ठेवून काइश दू सोद्रे स्टेशनातून काश्काइशकडे जाणारी लोकल पकडा; बेलेंला थांबणारी आहे का तेवढं बघून चढा. जेरोनिमुश मठ १५०१ ला सुरू झाला, आणि खर्च निघाला मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामा आहे. १५२४ मध्ये कोचीनला मेला, तिथून हाडं पोर्तुगालला नेली आणि इथं आणली ती १८८० ला. नुसत्या चर्चसाठी मठाच्या तिकिटाची गरज नाही, रांग वेगळी असते. बुरुजाची दुरुस्ती चालू असण्याची शक्यता आहे, तो बाहेरूनच बघा. ही लोकल पुढे काशियाशवरूनच जाते. यजमानांना रानड्यांसाठी तिथवर जावंसं वाटलं तर बेलेंहून तीच लोकल पकडून तासाभरात जाऊन येता येईल. पण दुपारी दोनला हॉटेलवर परत या. विमानतळ शहराला अगदी लागून आहे, मेट्रोनं अर्ध्या तासात पोचता, मात्र युरोपबाहेर जाणाऱ्यांची पासपोर्टची रांग उन्हाळ्यात कधी कधी तासाच्या वर जाते.